पुरळ नसलेली रिॲक्शन आणि उशिरा दिलेलं ॲड्रेनालिन

प्रश्न विचारणारे डॉक्टर एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहेत. तापासाठी दाखल झालेल्या ३२ वर्षांच्या एका बाईंना त्यांनी सेफ्ट्रायॅक्झोन हे अँटिबायोटिक शिरेतून सुरू केलं. टेस्ट डोस निगेटिव्ह होता. दोन-तीन मिनिटांत बाई म्हणाल्या, "मला कसंतरी होतंय." लगेच उलटी, पोटात कळ, दरदरून घाम. बीपी सिस्टोलिक ७०, नाडी १३०. अंगावर पुरळ नाही, तोंडावर सूज नाही, छातीत घरघर नाही. हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड), एव्हिल (ॲलर्जीची खाज कमी करणारं औषध) आणि सलाईन दिलं. पंधरा-वीस मिनिटांनी जिल्हा रुग्णालयातल्या वरिष्ठांनी फोनवर सांगितलं, तेव्हा ॲड्रेनालिन दिलं आणि बाई सावरल्या. त्यांचे प्रश्न असे: पुरळ नसताना याला ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी, म्हणायचं का? ॲड्रेनालिन नक्की केव्हा, किती आणि कुठे द्यायचं? त्याने हृदयाला काही झालं तर? आणि असा पेशंट घरी कधी सोडायचा?

डॉक्टर, हा ॲनाफिलॅक्सिसच होता. बीपी ७० दिसलं त्याच मिनिटाला ॲड्रेनालिन जायला हवं होतं.

हे तुमच्याच रुग्णालयात घडतं असं मुळीच नाही. आपल्याकडे कॅज्युअल्टीत कोणी "रिॲक्शन आली" असं ओरडलं की सिस्टरच्या हातात आपोआप एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन येतं. कोणाला विचारावं लागत नाही. ॲड्रेनालिन मात्र आपण इंटर्नशिपमध्ये पाहिलेलं असतं ते सीपीआर चालू असताना, एक-एक मिलिग्रॅम शिरेतून जाताना. ते मेलेल्याला उठवायचं औषध, अशी त्याची ओळख मनात बसते. मग समोर बोलणारा, डोळे उघडे असलेला पेशंट असला की हात अडतो. औषध कपाटात असतं, डोसही पाठ असतो, तरी आधी दुसरं काहीतरी देऊन बघू असं वाटतं. उशीर होतो तो बहुतेक वेळा याच कारणाने.

आधी निदानाचं बोलू. पुरळ, गांधी, खाज ही चिन्हं बहुतेक पेशंटमध्ये दिसतात, पण साधारण दहा ते वीस टक्के पेशंटमध्ये त्वचेवर काहीच नसतं. जागतिक ॲलर्जी संघटनेने २०२० मध्ये निकष सोपे करून दोनवर आणले. पहिला असा: काही मिनिटांत ते काही तासांत त्वचेवर किंवा ओठ-जिभेवर काही उमटलं, आणि जोडीला श्वासाचा त्रास, बीपी पडणं किंवा पोटाची जोरदार लक्षणं यांपैकी एक जरी असलं तरी तो ॲनाफिलॅक्सिस. दुसरा तुमच्या कामाचा: ज्याची ॲलर्जी माहीत आहे किंवा जे कारण असण्याची दाट शक्यता आहे असं काही शरीरात गेलं आणि त्यानंतर लवकरच नुसतं बीपी पडलं, नुसता दमा उठला किंवा नुसता घसा आवळला, तरी तोही ॲनाफिलॅक्सिस. त्वचा स्वच्छ असली तरी चालेल. प्रौढ माणसात सिस्टोलिक ९० च्या खाली किंवा त्याच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा ३० टक्क्यांहून जास्त उतरणं म्हणजे बीपी पडणं. तुमच्या बाई या दुसऱ्या निकषात अगदी बरोबर बसतात. शिवाय उलटी आणि पोटातली कळ ही ॲनाफिलॅक्सिसचीच लक्षणं आहेत. आपण ती तापाच्या किंवा ॲसिडिटीच्या खात्यावर टाकून मोकळे होतो.

पुरळ का दिसत नाही, याचंही एक कारण लक्षात ठेवा. बीपी फार खाली गेलं की त्वचेत रक्तच पुरेसं पोचत नाही. ॲड्रेनालिन आणि सलाईनने बीपी वर आलं की मग गांधी उमटताना दिसतात, आणि नातेवाईक म्हणतात की नवीन इंजेक्शनची रिॲक्शन आली. ती जुनीच असते, आता दिसायला लागलेली. दुसरं म्हणजे सावळ्या त्वचेवर लाली उठून दिसत नाही. तळहात पाठीवरून, कमरेवरून फिरवला की उंचवटे हाताला लागतात; टॉर्च तिरपा धरला तर सावलीत दिसतात. आपण बघतो चेहरा आणि हात, आणि गांधी असतात निऱ्यांच्या खाली, परकराच्या नाडीच्या वळाशेजारी.

पेशंट काय म्हणतो ते नीट ऐका. तळहात-तळपायांना आणि डोक्यात एकदम खाज, पुन्हा पुन्हा घसा खाकरणं, आवाज जड होणं, आणि "डॉक्टर, मी वाचत नाही" हे शब्द. मघापर्यंत बरा असलेला माणूस इंजेक्शननंतर असं म्हणाला तर त्याला घाबरट ठरवण्याआधी बीपीचा पट्टा बांधा. "कसंतरी होतंय" हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त झालंय, पण शिरेतून अँटिबायोटिक चालू असताना ते आलं तर आधी सलाईनचा काटा बंद करायचा, बाकीचं मग.

चकवणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. सगळ्यात नेहमीची म्हणजे इंजेक्शनच्या भीतीने येणारी भोवळ. त्यात माणूस पांढराफटक पडतो, नाडी मंद होते, आणि आडवं करून पाय वर केले की मिनिटभरात डोळे उघडतो. ॲनाफिलॅक्सिसमध्ये नाडी सहसा पळत असते आणि आडवं केल्याने फारसा फरक पडत नाही. सलाईन चालू असताना येणारी हुडहुडी वेगळी, तिच्यात थंडी आणि ताप पुढे असतात. एनालाप्रिल, रॅमिप्रिल या बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांचे ओठ-जीभ सुजतात तेव्हा खाज नसते, गांधी नसतात, आणि ॲड्रेनालिनचा फारसा उपयोगही होत नाही; तिथे श्वासमार्ग सांभाळणं हेच काम. कोकणात आणि गोव्यात आणखी एक प्रकार भेटतो. बर्फाविना राहिलेला बांगडा किंवा तत्सम मासा खाल्ला की माशातच तयार झालेल्या हिस्टामिनमुळे चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, छाती धडधडते, गांधीही येतात. एकाच ताटातले तिघं-चौघं एकदम आले तर ही विषबाधा समजा, आणि "तुम्हाला माशाची ॲलर्जी" असा जन्मभराचा शिक्का मारू नका. विंचवाच्या दंशातही घाम, उलटी, अस्वस्थपणा असतो, पण तिथे हातपाय गार आणि सुरुवातीला बीपी बहुधा वाढलेलं असतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांमुळे प्राझोसिन हे बीपी उतरवणारं औषध आपल्याकडे घरोघरीच्या दवाखान्यात पोचलं. ते विंचवासाठी आहे. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून बीपी पडलेल्या पेशंटला ते चुकूनही देऊ नका. चावलेलं काय होतं हे नीट विचारा.

तापाच्या पेशंटचं बीपी सेप्सिसनेही (अंगभर भिनलेल्या जंतुसंसर्गानेही) पडू शकतं, ही तुमच्या मनातली शंका असणार. पडतं, पण औषध सुरू झाल्यावर दोन मिनिटांत, उलटी आणि कळ घेऊन, असं सहसा नाही. आणि खरंच ठरवता येत नसेल तर शंकेचा फायदा ॲड्रेनालिनला द्या. मांडीतला एक डोस भोवळ आलेल्या माणसाला गेला तर तो थोडा वेळ थरथरेल, छाती धडधडेल. ॲनाफिलॅक्सिसच्या माणसाला तो गेला नाही तर काय होतं हे तुम्ही पाहिलंच आहे. वेळ किती असतो याचा अंदाज ब्रिटनमधल्या मृत्यूंवर पम्फ्री या संशोधकांनी २००० साली छापलेल्या अभ्यासातून येतो. श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यम काळ खाण्यातल्या ॲलर्जीत ३० मिनिटं, माशीच्या दंशात १५ मिनिटं आणि रुग्णालयात दिलेल्या औषधांमध्ये ५ मिनिटं निघाला. म्हणजे सगळ्यात घाईचा ॲनाफिलॅक्सिस आपल्याच हातून, आपल्याच वॉर्डात घडतो.

आता प्रत्यक्ष देण्याचं. १ मिलीच्या ॲम्प्यूलमध्ये १ मिलिग्रॅम असतं, त्यालाच १:१००० म्हणतात. मात्रा वजनाच्या हिशोबाने किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, प्रौढाला जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा मिली. गडबडीत वजनाचं गणित सुटत नाही, म्हणून वयाचे आकडे भिंतीवर लावा: १२ वर्षांच्या पुढे ०.५ मिली, ६ ते १२ वर्षं ०.३ मिली, ६ महिने ते ६ वर्षं ०.१५ मिली. हे ब्रिटनच्या पुनरुज्जीवन परिषदेचे आकडे आहेत. मूल वयाच्या मानाने किरकोळ असेल तर वजनानेच द्या. काहीही पातळ करायचं नाही, ॲम्प्यूलमधलं जसंच्या तसं. प्रौढाला २ मिलीची सिरिंज, लहान मुलांना १ मिलीची, आणि इंचभर लांबीची २३ किंवा २४ नंबरची सुई. इन्सुलिनची सिरिंज वापरायची वेळ आलीच तर ती ४० युनिटची आहे की १०० ची ते आधी बघा: ४० च्या सिरिंजवर अर्धा मिली म्हणजे २० युनिट, १०० च्या सिरिंजवर ५०. आणि जिला सुई कायमची जोडलेली असते ती घेऊ नका, ती सुई स्नायूपर्यंत पोचत नाही.

जागा म्हणजे मांडीची बाहेरची बाजू, कंबर आणि गुडघा यांच्या बरोबर मध्ये. सुई सरळ ९० अंशांत. दंड नको, कुल्ला नको, त्वचेखाली तर नकोच. मुलांवरच्या १९९८ च्या एका अभ्यासात मांडीच्या स्नायूत दिलेल्या ॲड्रेनालिनची रक्तातली पातळी सरासरी ८ मिनिटांत शिखरावर गेली आणि त्वचेखाली दिलेल्याची ३४ मिनिटांत. मधली २६ मिनिटं तुमच्या पेशंटकडे नसतात. साडी असेल तर बाजूला सारा. जीन्स असेल आणि निघत नसेल तर कपड्यावरून टोचा, त्यासाठी कात्री शोधत बसू नका. पाच मिनिटांनी बीपी, श्वास, आवाज पुन्हा बघा. सुधारणा नसेल तर तेवढाच डोस पुन्हा.

हृदयाच्या भीतीबद्दल. भीती खरी आहे, पण ती चुकीच्या डोसला चिकटलीय. ॲड्रेनालिनने पेशंट दगावल्याच्या किंवा हृदयाची लय बिघडल्याच्या ज्या गोष्टी आपण ऐकतो त्यांत बहुतेकदा नाडी लागत असलेल्या माणसाला शिरेतून, कधीकधी पूर्ण मिलिग्रॅम, भसकन दिलेलं असतं. तसं कधीच करायचं नाही. मांडीतल्या अर्ध्या मिलीला ॲनाफिलॅक्सिसमध्ये कोणतीही पक्की मनाई नाही: वय झालेलं असो, बीपीच्या गोळ्या चालू असोत, आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असो, पोटात बाळ असो. उलट ७० बीपीवर हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्याच उपाशी असतात. ॲलर्जीच्या रसायनांमुळेही त्या आवळतात. याला कूनिस सिंड्रोम म्हणतात आणि त्याचं वर्णन १९९१ पासून आहे. त्यामुळे ईसीजीवर बदल दिसले की दोष लगेच ॲड्रेनालिनला देऊ नका. एक खबरदारी मात्र घ्या. नॉरॲड्रेनालिनच्या ॲम्प्यूलवरची नावं ॲड्रेनालिनशी मिळतीजुळती असतात आणि दोन्ही एकाच ट्रेमध्ये शेजारी पडलेली असतात. लेबल मोठ्याने वाचून फोडायची सवय लावा. ट्रेमधल्या कप्प्यावर नुसतं नाव न लिहिता "मांडीत, ०.५ मिली" असं लिहा.

हे चालू असताना दुसऱ्या हाताने करायची कामं. औषध बंद करा, आणि फक्त काटा बंद करून भागत नाही, आयव्ही सेट बदला. नळीत उरलेलं सेफ्ट्रायॅक्झोन तुम्ही पुढे "जोरात सोडा" म्हणून लावलेल्या सलाईनबरोबर आत ढकलता. ऑक्सिजन मास्कने जोरात. प्रौढाला अर्धा ते एक लिटर नॉर्मल सलाईन भराभर, मुलांना किलोमागे १० मिली, आणि लागेल तसं पुन्हा. हा कंजूसपणाचा विषय नाही: रक्तातलं पाणी दहा मिनिटांत तिसऱ्या हिश्शापर्यंत बाहेर झिरपू शकतं. छातीत घरघर असेल तर नेब्युलायझरने साल्ब्युटामॉलची (श्वासनलिका उघडणाऱ्या औषधाची) वाफ जरूर द्या, पण ॲड्रेनालिननंतर. ती बीपी उचलत नाही आणि घशाची सूज उतरवत नाही. श्वास घेताना घशातून आवाज येत असेल तर ५ मिली ॲड्रेनालिनची वाफ देता येते, तीही मांडीतल्या डोससोबत, त्याच्याऐवजी नाही. आवाज बसत चाललाय, लाळ गिळता येत नाही असं दिसलं की भूलतज्ज्ञांना तेव्हाच हाक मारा. सूज वाढल्यावर नळी जात नाही.

आणि पेशंटला उठवू नका. यावर जरा थांबतो, कारण आपल्याकडे हमखास चुकतं ते इथेच. चक्कर आली की भोवतालचे लोक काय करतात? उठवून बसवतात, "हवा लागू द्या" म्हणतात, पाणी पाजतात, तोंडावर शिंपडतात. पम्फ्री यांनीच २००३ मध्ये दाखवलं की बाहेर घडलेल्या ॲनाफिलॅक्सिसच्या मृत्यूंमध्ये काही जण आडवे असताना एकदम उठून बसल्यावर किंवा उभे राहिल्यावर काही क्षणांतच गेले. रक्तवाहिन्या सैल झालेल्या, त्यात माणूस उभा केला की हृदयाकडे परत येणारं रक्तच संपतं. रिकाम्या हृदयाने किती का ठोके मारेना. वॉर्डात हे घडतं ते संडासच्या वाटेवर. पोटात कळ येत असते, पेशंट म्हणतो "मला जायचंय," नातेवाईक खांद्याला धरून नेतात, आणि तो दारात कोसळतो. बेडपॅन द्या. पाय वर, पाठ सपाट. धाप फारच असेल तर डोकं उंच करून पाय पसरून ठेवा, पाय खाली सोडून कॉटच्या कडेवर बसवू नका. गरोदर बाईला डाव्या कुशीवर. बीपी सुधारल्यावरही निदान तासभर तसंच ठेवा, आणि एक्स-रेला चालत पाठवू नका.

एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन या जोडीबद्दल लोक नाराज होतात, तरी स्पष्ट सांगतो. एव्हिल खाज आणि गांधी कमी करतं. बीपी वाढवत नाही, श्वासनलिका उघडत नाही. उलट शिरेतून भराभर दिलं तर बीपी आणखी उतरू शकतं, आणि पेशंट गुंगतो तो औषधाने की मेंदूला रक्त न पोचल्याने, हे कळेनासं होतं. स्टेरॉइडला परिणाम दाखवायला काही तास लागतात. दुसरी लाट, म्हणजे काही तासांनी पुन्हा उठणारी रिॲक्शन, त्याने टळते असं आपण सगळे शिकलो, पण त्याला पुरावा मिळालेला नाही, आणि ब्रिटनच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेने ॲनाफिलॅक्सिसमध्ये स्टेरॉइड नेमाने देणं थांबवलंय. दमा सोबत असेल तर द्या, दोन-तीन डोस ॲड्रेनालिन देऊनही पेशंट हटत नसेल तर द्या. खाजेसाठी पेशंट स्थिर झाल्यावर सेटिरिझिनची गोळी पुरते.

याचा आपल्या मातीतला पुरावा सर्पदंशातून आलाय. आपण नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांसाठी जी घोड्यापासून बनवलेली लस वापरतो तिला रिॲक्शन येणं नेहमीचंच. श्रीलंकेत, जिथे हीच भारतीय लस वापरली जाते, हजारावर पेशंटवर झालेला अभ्यास २०११ मध्ये छापून आला. लस देण्याआधी कोणाला ॲड्रेनालिनचा छोटा डोस त्वचेखाली, कोणाला प्रोमेथाझिन (एव्हिलच्याच जातीचं औषध), कोणाला हायड्रोकॉर्टिसोन, कोणाला यांच्या जोड्या, कोणाला औषधच नसलेलं इंजेक्शन. ॲड्रेनालिनने पहिल्या तासातल्या तीव्र रिॲक्शन ४३ टक्क्यांनी कमी केल्या. प्रोमेथाझिनने आणि हायड्रोकॉर्टिसोनने काहीच फरक पडला नाही. (इथे त्वचेखाली चाललं कारण ते आधी, प्रतिबंधासाठी दिलं होतं. रिॲक्शन आल्यावर मांडीचा स्नायूच.) लस चालू असताना रिॲक्शन आली तर लस थांबवा, ॲड्रेनालिन द्या, आणि पेशंट सावरला की लस हळू वेगाने पुन्हा सुरू करा. विष अजून अंगात आहे. रिॲक्शनच्या धसक्याने लस कायमची बंद करून पेशंट वर पाठवणं हा दुसरा धोका. तिचा टेस्ट डोसही करू नका, तो कशाचाच अंदाज देत नाही.

टेस्ट डोसचा विषय निघालाच आहे तर सेफ्ट्रायॅक्झोनबद्दलही तेच. वॉर्डात पुढच्या हातावर आपण जो फुगा काढतो आणि बॉलपेनने गोल करतो, तो निगेटिव्ह आला म्हणजे औषध सुरक्षित असं होत नाही. तुमच्या बाईंनी ते दाखवलंच. त्या फुग्यानेही ॲनाफिलॅक्सिस होऊ शकतो. त्यापेक्षा "याआधी कोणत्या इंजेक्शनने, गोळीने त्रास झाला होता का" हे घरच्यांना दोनदा विचारणं आणि पहिला डोस सावकाश, कोणीतरी समोर उभं असताना देणं जास्त कामाचं. डायक्लोफेनॅकच्या इंजेक्शनलाही हेच लागू, आणि ते तर आपण टेस्टविना, गर्दीत, पेशंटला पुढे रांगेत पाठवत देतो.

दोन डोस मांडीत देऊन, सलाईन देऊनही बीपी वर येत नसेल तर ठिबक लावायची. ग्रामीण रुग्णालयात सिरिंज पंप नसला तरी जमतं. १०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये १ मिलिग्रॅम ॲड्रेनालिन घाला, बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा, बारीक थेंबांचा मायक्रोड्रिप सेट लावा. सुरुवात किलोमागे तासाला अर्धा मिली. मायक्रोड्रिपमध्ये मिनिटाचे थेंब म्हणजेच तासाचे मिली, म्हणून ६० किलोच्या माणसाला मिनिटाला ३० थेंब, आणि बीपी बघत वाढवायचं किंवा उतरवायचं. वेगळी शीर घ्या, बीपीचा पट्टा दुसऱ्या हाताला, मॉनिटर लावलेला, आणि कोणीतरी थेंब मोजत शेजारी बसलेलं. ठिबक सुरू होईपर्यंत मांडीतले डोस दर पाच मिनिटांनी चालू ठेवा. १०८ ला फोन दुसऱ्या डोसच्या वेळीच करा. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल या बीपी-हृदयाच्या गोळ्या (बीटा ब्लॉकर) घेणाऱ्यांना ॲड्रेनालिन लागू पडत नाही असं कधीकधी होतं. त्यांना ग्लुकागॉन १ ते २ मिलिग्रॅम शिरेतून सावकाश द्यायचं असतं, त्याने उलटी होते म्हणून कुशीवर ठेवून. तालुक्याला ग्लुकागॉन मिळणं अवघड आहे, म्हणून अशा पेशंटला लवकर हलवा.

मधमाश्यांबद्दल थोडं, कारण सह्याद्रीच्या पायथ्याला असाल तर आग्या मोहोळ उठल्याचे पेशंट घोळक्याने येतील. एका-दोन दंशांनी कोसळलेला माणूस ॲनाफिलॅक्सिसचा, त्याला आधी घ्या. शेकडो दंश झालेल्याला ॲलर्जी नसली तरी नुसत्या विषाच्या मात्रेनेच धोका असतो. तो सुरुवातीला बरा दिसतो आणि मग स्नायू विरघळून लघवी गडद होते, मूत्रपिंडं बसतात. त्याला निरीक्षणाखाली ठेवा, लघवीचा रंग आणि क्रिएटिनिन बघा. काटे नखाने, कार्डाने, चिमट्याने, कशानेही काढा, पण झटपट.

घरी कधी सोडायचं? पहिली लाट ओसरल्यावर काही पेशंटमध्ये काही तासांनी दुसरी येते. एका डोसने पटकन सावरलेला, घर जवळ आणि सोबत शहाणं माणूस असलेला पेशंट सहा तासांनी जाऊ शकतो. दोन डोस लागलेले, दम्याचे, ॲड्रेनालिन उशिरा मिळालेले, रात्री आलेले आणि वाडीवरून परत यायला गाडी नसलेले यांना किमान बारा तास, म्हणजे व्यवहारात सकाळपर्यंत ठेवा. तुमच्या बाई या दुसऱ्या गटातल्या. शक्य असेल तर ट्रिप्टेजसाठी (ॲनाफिलॅक्सिसमध्ये रक्तात वाढणारं एन्झाइम) रक्त घ्या. त्रास सुरू झाल्यापासून एक-दोन तासांत घेतलेलं उत्तम, चार तासांनंतर अर्थ कमी होतो, आणि तुलनेसाठी दुसरं नमुना-रक्त २४ तासांनी. यासाठी उपचार थांबवायचा नाही, आणि ते नॉर्मल आलं म्हणून निदान बदलायचंही नाही.

केसपेपरवर वेळा लिहा: औषध कधी सुरू, पहिलं लक्षण कधी, ॲड्रेनालिन कधी आणि कुठे, त्यानंतरचं बीपी. उद्या नातेवाईकांनी विचारलं तर या चार ओळीच तुमच्या बाजूने बोलतील.

त्या बाई घरी गेल्या असतील तर त्यांना परत बोलवा. हातात मराठीत लिहिलेलं कार्ड द्या, औषधाचं नाव ब्रँडसह आणि मूळ नावासह, कारण पुढच्या डॉक्टरला "कोणत्यातरी इंजेक्शनची रिॲक्शन" यातून काही कळत नाही. सेफोटॅक्झिम आणि सेफेपिम यांची रचना सेफ्ट्रायॅक्झोनशी जुळते, म्हणून तीही त्या यादीत घाला. घरच्यांपैकी कोणाच्यातरी मोबाइलमध्ये कार्डाचा फोटो असू द्या. त्वचेची तपासणी करायची तर चार ते सहा आठवड्यांनी, आणि जिथे ॲलर्जीतज्ज्ञ आहेत अशा ठिकाणी. खाण्याच्या किंवा माशीच्या ॲलर्जीचे पेशंट, ज्यांना हे पुन्हा होऊ शकतं, त्यांचं वेगळं. परदेशात मिळणारी ॲड्रेनालिनची तयार पेनं आपल्याकडे दुकानात सहज मिळत नाहीत, म्हणून त्यांना ॲम्प्यूल, सिरिंज आणि सुई द्या, घरातल्या दोघांना संत्र्यावर टोचून शिकवा, आणि सांगा की औषध उजेडात ठेवायचं नाही, गुलाबी किंवा तपकिरी दिसलं तर फेकून नवीन आणायचं.